एक पौंड धान्यावर दिवसभर खोदाई

खोदकामावर एखादा माणूस चक्कर येऊन खाली बसला, तर त्याला आधी पाणी मिळतं की शिवी, यावरून त्या कामाचा हिशोब कोणी मांडलाय ते कळतं. आपल्याकडे अशा माणसासाठी एक तयार शब्द आहे, 'अंगचोर'. काम झेपत नाही आणि काम करायचं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी. पण एका शब्दात दोन्ही बसवून टाकल्या की मजुरी कापायला मोकळं. या शब्दामागचा संशय सरकारी नियमात कसा शिरला, ती गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची आहे आणि आपल्याच दख्खनची आहे. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

१८७६ साली पाऊस गेला. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, खाली कलादगीपर्यंत (म्हणजे आजचा विजापूर-बागलकोट भाग) पिकं जळाली. मुंबई सरकारने दुष्काळी कामं काढली. दौंड-मनमाड रेल्वेचा मातीभराव त्याच काळातला, पंढरपूर भागातला आष्टीचा तलावही तेव्हाचाच. आज त्या मार्गाने शिर्डीला जाताना आपण ज्या भरावावरून जातो, तो उपाशी माणसांनी घमेल्याघमेल्याने टाकलेला आहे. लाखांनी माणसं कामावर आली. बायका, म्हातारे, पोरंही आली.

इथे सर रिचर्ड टेंपल यांची एंट्री होते. हा माणूस मुळात निर्दय होता असं म्हणता येत नाही. १८७३-७४ साली बिहार-बंगालात दुष्काळ पडला तेव्हा यांनीच बर्मातून प्रचंड तांदूळ आणवला, सढळ हाताने वाटला, आणि भूकबळी जवळजवळ होऊ दिले नाहीत. त्याबद्दल बक्षीस काय मिळालं? उधळपट्टी केली म्हणून लंडन-कलकत्त्यात टीका. पुढच्या दुष्काळात तेच टेंपल व्हाइसरॉय लिटनचे दुष्काळ प्रतिनिधी म्हणून जानेवारी १८७७ मध्ये दक्षिणेत आले, ते हात आखडूनच. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला कैसर-ए-हिंद जाहीर करणारा थाटाचा दरबार झाला होता. आपले सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्या दरबाराला खादीच्या जाड्याभरड्या कपड्यांत गेले होते.

टेंपलसाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं. मजुराला रोज एक पौंड धान्य विकत घेता येईल एवढे पैसे द्यावेत, वर मीठमिरची-सरपणासाठी अर्धा आणा. बास. बायकांना आणि मुलांना त्याहून कमी. जास्त हवं असेल आणि अंगात ताकद असेल, तर गाव सोडून दूरच्या मोठ्या सरकारी कामावर जा आणि तिथे जास्त काम करून दाखवा. मजुरी इतकी कमी ठेवायची की ज्याचं खरंच अडलंय तोच येईल. म्हणजे मजुरी ही मजुरी नव्हतीच, ती परीक्षा होती. तू खरा उपाशी आहेस का, हे तुझ्याच अंगावर तपासायची.

एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. ज्वारी धरली तर त्यातून दीड हजारांच्या वर थोड्याशाच कॅलरी मिळतात. आता खर्चाची बाजू. माणूस दिवसभर नुसता पडून राहिला तरी शरीर चालू ठेवायला चौदा-पंधराशे कॅलरी जातात. टिकाव-फावड्याचं काम तासाला तीनेकशे घेतं. आयसीएमआर आज कष्टाचं काम करणाऱ्या पुरुषाला रोज साडेतीन हजारांच्या आसपास कॅलरी लागतात असं मानतं. म्हणजे टेंपलसाहेबांचा पौंड झोपून राहायला पुरत होता. खोदाई उधारीवर होती, आणि ती उधारी स्नायूंकडून वसूल व्हायची.

हे काही फक्त आजच्या ज्ञानावरून मागे वळून बोलणं नाही. त्याच वेळी मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश सरकारला हेच लिहून सांगत होते. सक्तमजुरीच्या कैद्याला तुरुंगात यापेक्षा जास्त खायला मिळतं, आणि एवढ्या धान्यावर काम करून घेतलं तर माणसं खंगत जाऊन मरतील, असं त्यांचं म्हणणं होतं. या वादातून काही महिन्यांत मद्रास सरकारने शिधा वाढवला, त्यात थोडी डाळही घातली. डाळ वाढवणं ही कबुलीच होती म्हणा ना.

पण डॉक्टर वाद घालत होते त्याच्याही आधी उत्तर दिलं होतं ते दख्खनच्या मजुरांनी. त्यांनी संप केला! दुष्काळात, पोटात अन्न नसताना. मुंबई सरकारने जानेवारी १८७७ मध्ये नवे दर लावले आणि लोक कामावरून उठून घरी जायला लागले. दोनेक महिन्यांत लाखाच्या आसपास माणसांनी काम सोडलं. दंगा नाही, मारामारी नाही. एवढ्या पैशात एवढं काम होत नाही, म्हणून आम्ही निघालो, इतकंच. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली, गावोगावची हकिगत गोळा करून सरकारकडे अर्जावर अर्ज पाठवले.

सरकारी बाजूने याचा अर्थ काय लावला गेला असेल? तर, बघा, हे लोक काम सोडून घरी जाऊ शकतात, म्हणजे यांच्याकडे काहीतरी शिल्लक आहे. संशय एकदा मनात बसला की पुरावा दोन्ही बाजूंनी सापडतो. कामावर राहिला तर तेवढ्यात भागतंय, निघून गेला तर गरज नव्हती. आणि कामावर कोसळला तर अंगचोर.

शाळेत दुष्काळ शिकताना आपल्याला पाऊस किती कमी पडला ते पाठ करायला लावतात, हा संप मात्र धड्यात येत नाही. कामगार चळवळीचा इतिहास आपण बहुतेक वेळा लोखंडे आणि मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू करतो. पण ही नगर-सोलापूरकडची, अक्षरओळख नसलेली माणसं त्याआधी मोजमापाच्या टेपला नाही म्हणाली होती. मला तरी हे त्या दुष्काळातलं सगळ्यात मोठं धाडस वाटतं. वासुदेव बळवंतांच्या बंडाइतकीच त्याची आठवण राहायला हवी होती.

आणि टेंपलसाहेब? त्याच वर्षी ते मुंबईचे गव्हर्नर झाले, १८८० पर्यंत राहिले.

त्या दुष्काळात किती माणसं गेली, याचे अंदाज साधारण ५५ लाखांपासून पुढे जातात. कागदावर त्यांची कारणं मिळतात ती ताप, पटकी, हगवण, आव. 'अंगाबाहेरच्या कामाने मेला' असा रकाना नव्हताच. खंगलेल्या शरीराला जुलाबाची एक रात्र पुरते, पण नोंद जुलाबाची होते. अतिश्रमाचं आजारपण सरकारी दप्तरात कधी दिसत नाही ते यामुळे. ते दुसऱ्याच कुठल्यातरी आजाराच्या नावावर जमा झालेलं असतं.

पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाने नियम बांधायला लावले, त्यातून फॅमिन कोड आले. कमकुवत माणसांच्या वेगळ्या टोळ्या कराव्यात, त्यांना हलकं काम द्यावं, अशी तरतूद आली. चांगलंच झालं. पण नियम गावात कोणाला माहीत? १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी 'केसरी'तून हे नियम समजावून सांगितले आणि सार्वजनिक सभेने ते मराठीत करून गावोगाव पोचवले. सरकारचेच नियम हो! तरी त्याच्या पोटात दुखलं, आणि १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली. मग १८९९-१९०० च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात पुन्हा तेच, ठरलेलं काम पुरं झालं नाही तर मजुरी कापून दंडाची किमान मजुरी. खाणं कमी झालं की दुसऱ्या दिवशी काम आणखी कमी होणार, मग मजुरी आणखी कापली जाणार. १९०१ च्या आयोगाने यावर टीका केली, पण तोवर माणसं जायची ती गेली होती.

आता ७२ वर येऊ, कारण त्याची आठवण अजून घराघरात आहे. मिलो, सुकडी, खडी फोडणं, पाझर तलाव, नाला बंडिंग. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. या वेळी मोठ्या प्रमाणावर भूकबळी झाले नाहीत. कामावर सुकडी वाटली जायची, म्हणजे मजुरीच्या वर अन्न. डॉ. कॉर्निश शंभर वर्षांपूर्वी जे सांगत होते त्याच्याच जवळचं. मग वि. स. पागे यांच्या प्रयत्नातून रोजगार हमी आली, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. काम मागणं हा हक्क झाला. कामाच्या जागी प्यायचं पाणी, सावली, पाळणाघर, प्रथमोपचार, हे सगळं कायद्याच्या चौकटीत आलं. भीक नको, हक्काचं काम द्या, ही १८७७ चीच मागणी होती, आणि ती मान्य करणारं राज्य म्हणून महाराष्ट्राने अभिमान जरूर बाळगावा.

टेप मात्र गेली नाही. साधारण माणूस सात तास राबला की किमान मजुरी सुटेल, असे दर बसवले. पण हा 'साधारण माणूस' कोण? तो एप्रिलच्या दुपारी राबतो का पौषातल्या सकाळी? जमीन काळी मऊ की मांजऱ्या मुरूम? त्याने सकाळी काय खाल्लंय? टोळीचं काम एकत्र मोजायचं आणि मजुरी वाटून घ्यायची, म्हणजे टोळीतली बाळंतपणातून नुकतीच उठलेली बाई आपोआप सगळ्यांच्या डोळ्यावर येते. आता तिला 'अंगचोर' म्हणायला मुकादमाचीही गरज नाही, शेजारचाच म्हणतो.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो राजस्थानातून. अजमेर जिल्ह्यात दुष्काळी रस्त्याचं काम चालू होतं, बहुतेक मजूर बायका, टोळीचं काम मोजून मजुरी. ठरलेलं माप पुरं झालं नाही की किमान वेतनापेक्षा कमी पैसे हातात. संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य, १९८३. न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला की दुष्काळी काम असलं तरी किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही, अशी कमी मजुरी म्हणजे घटनेच्या कलम २३ खालची वेठबिगारी. लोकांच्या अडचणीचा फायदा राज्याने घ्यायचा नाही. टेंपलसाहेबांच्या परीक्षेला भारतीय कायद्याने दिलेलं उत्तर कुठे सापडत असेल तर ते इथे आहे. १०६ वर्षं लागली.

निकाल सरकारी कामाला लागू. ऊसतोडीच्या फडात काय? तिथे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आधी उचल, आणि एक दिवस अंग टाकलं तर 'खाडा', म्हणजे त्या दिवसाचे पैसे तर नाहीतच, वर दंड. आजारी पडण्याची किंमत आजारी माणसाने भरायची. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर-निकाराग्वाच्या ऊसमळ्यांत, तरुण तोडणाऱ्यांच्या किडन्या निकामी होत असल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. रोजचं ऊन, पाण्याची कमतरता आणि अंगाबाहेरचं काम, हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. तिथे काही ठिकाणी पाणी, सावली आणि ठरावीक वेळाने सक्तीची विश्रांती असे प्रयोग सुरू झाले. आपल्या फडात विश्रांती घेतली की खाडा लागतो.

एक गोष्ट माहीत असू द्या, रोजगारावर जाणाऱ्यांना आवर्जून सांगा. खूप राबल्यावर स्नायू प्रचंड दुखतात, हातपाय गळतात आणि लघवी चहासारखी काळपट होते, तेव्हा तो नुसता थकवा नसतो. स्नायू तुटून त्यातला भाग किडनीत जायला लागलेला असतो. घरी मालिश करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना. आणि उन्हात काम करणारा माणूस बरळायला लागला, शुद्ध हरपायला लागली, तर आधी सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, तोवर १०८ ला फोन लावा. अर्धवट शुद्धीत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

तुमच्या घरात ७२ च्या कामावर गेलेलं कोणी असेल, आजी, मावशी, चुलते, तर त्यांना विचारून खाली लिहा. कुठलं काम होतं, खडीचा ब्रासला दर काय होता, सुकडी मिळायची का, आणि कोणी आजारी पडलं तर त्या दिवसाची हजेरी लागायची की नाही. गावाचं आणि तालुक्याचं नाव टाका, म्हणजे एका जागी नोंद होईल.