तारेत अडकलेला ‘स’

टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे मूळचे वाणीचे शिक्षक, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. उच्चार करताना जीभ, ओठ व घसा कसे असतात हे दाखवणारी चिन्हलिपी त्यांच्या वडिलांनी तयार केली होती. 1871 पासून बेल बॉस्टनमध्ये कर्णबधिरांच्या शिक्षकांना ती शिकवीत. टेलिफोनचे पेटंट मिळाले 1876 मध्ये. त्यानंतर शंभर वर्षांनी, 1976 साली, ग्वेनिथ वॉन यांनी याच यंत्रावरून दूरच्या रुग्णांवर वाचोपचार करण्याची पद्धत मांडली. अमेरिकेत अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्या काम करीत होत्या.

अडचण तारेतच होती. साध्या टेलिफोनवरून सुमारे 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्येचे ध्वनी पुढे जातात. बोलणे समजायला तेवढे पुरते. पण ‘स’मधला सळसळता भाग बहुतांशी 4000 हर्ट्झच्या वर असतो, तो वाटेतच गळतो. (फोनवर नाव सांगताना आपण ‘सशातला स’ म्हणतो, ते उगाच नव्हे!) ‘साप’ म्हणताना मुलाची जीभ दातांबाहेर येते का, हे अशा फोनवर ऐकून ठरवणे कठीण, आणि दिसत तर काहीच नाही.

अडखळत बोलण्याचे तसे नाही. अक्षर पुन्हा पुन्हा येणे, स्वर लांबणे, शब्द मध्येच अडणे हे सारे काळाच्या ओघात घडते आणि अपुऱ्या आवाजातही ओळखू येते. शिवाय सिडनीत विकसित झालेल्या लिडकोम्ब पद्धतीत लहान मुलावर प्रत्यक्ष उपचार करतात ते आईवडील. न अडखळता बोलल्यास ते लगेच कौतुक करतात, अडखळल्यास अधूनमधून हळुवारपणे लक्षात आणून देतात. तज्ज्ञाचे काम पालकांना शिकवण्याचे. दूर राहणाऱ्या कुटुंबांसाठी ही पद्धत फोनवरून वापरल्याचा वृत्तांत 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. 2008 च्या चाचणीत मुलांचे अडखळणे कमी झाले खरे, पण तज्ज्ञांचा वेळ तिपटीहून अधिक खर्ची पडला. संगणकावरून समोरासमोर दिसू लागल्यावर चित्र बदलले. 49 मुलांवरील 2016 च्या चाचणीत दवाखान्यातले आणि पडद्यावरचे उपचार यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही.

अंतर मिटले, सीमा मात्र राहिल्या. भारतात वाचोपचारतज्ज्ञांची नोंदणी 1992 च्या पुनर्वसन परिषद कायद्यानुसार होते. अमेरिकेत सर्वसाधारणपणे रुग्ण ज्या राज्यात बसला असेल तिथला परवाना लागतो. म्हणजे पुण्यातल्या नोंदणीकृत तज्ज्ञाला न्यू जर्सीतल्या मराठी मुलावर उपचार करायला नुसते चांगले इंटरनेट पुरत नाही. तिथला तज्ज्ञ जवळ असतो, पण त्याला मराठी येतेच असे नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले ‘च’ आपण वेगवेगळे उच्चारतो. केवळ इंग्रजी जाणणाऱ्याला ‘चारा’तला दंत्य ‘च’ हा मुलाचा दोष वाटू शकतो, आणि नसलेल्या दोषावर उपचार सुरू होऊ शकतात.