गव्हाणीभोवती वसलेलं गाव

नाताळ हा शब्द इंग्रजांनी दिलेला नाही. पोर्तुगीज भाषेतलं 'नताल', म्हणजे जन्मदिवस, गलबतांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागलं आणि मराठी होऊन गेलं. नाताळात घराच्या कोपऱ्यात गोठा मांडायची रीतही त्याच वाटेने आली.

पोर्तुगीजांचं चौल म्हणजे आजचा रेवदंड्याचा कोट. आतल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत सातखणीचा मनोरा उभा आहे, सात मजल्यांतले आता चारच उरलेला. तो फ्रान्सिस्कन साधूंच्या मठाचा. त्याच्या पायथ्याशी गेलं की मला गोठ्याचं कूळ आठवतं. कारण या साधूंचा मूळपुरुष संत फ्रान्सिस याने १२२३ च्या नाताळात, इटलीतल्या ग्रेच्चो गावी जो गोठा मांडला, तिथूनच या प्रथेचा उगम सांगतात. त्यात मूर्ती नव्हत्या. गव्हाणीत खरं गवत होतं, शेजारी जिवंत बैल आणि गाढव. शुभवर्तमानातल्या जन्मकथेत ही दोन्ही जनावरं कुठेच नाहीत, गव्हाण तेवढी आहे. पण गव्हाण म्हटल्यावर जनावर हवंच, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

पोर्तुगीज या मांडणीला 'प्रेझेपियु' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गव्हाणच. नाताळ शब्द आपण उचलला, हा मात्र नाही. त्याला आपलाच 'गोठा' दिला. फार चांगलं झालं. गोठा म्हणताच पेंढ्याचा आणि शेणाचा वास येतो.

अठराव्या शतकात नेपल्सच्या कारागिरांनी गव्हाणीभोवती अख्खा बाजार बसवला: मासेवाले, पाववाले, खाणावळी. पुढे अमेरिकेत तर दिवे लावलेली चिनी मातीची घरं, छपरांवर बर्फ, असं नुसतं गावच मांडू लागले, आणि त्यात पुष्कळदा गोठाच नसतो.

१७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज गेले, पण कुंडलिकेच्या खाडीपलीकडे, कोर्लईत ख्रिस्ती वस्ती टिकली. तिथली माणसं आजही पोर्तुगीजातून घडलेली आपली बोली बोलतात. तिला ती 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा.

वसईपासून गोव्यापर्यंत या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांत गोठ्याला बर्फ लागत नाही. लागते ती नाचणी. नाताळच्या आठ-दहा दिवस आधी थाळीत माती पसरून ती दाट पेरायची, रोज पाणी शिंपडायचं. बोटभर कोंब आले की ते गोठ्यापुढचं कुरण. आरशाचा तुकडा म्हणजे तळं. कडांना माती लावून तो काच वाटणार नाही इतका बुजवायचा.

दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरणाऱ्याला हे निराळं शिकवावं लागणार नाही. तिथेही सिंहासन शिखरावर असतं, पण पायथ्याला विहीर, गवळण, मेंढपाळ, बैलगाडी असं गाव लागतंच. कुणी कुणाचं पाहून केलं याचा माग काढायची मला गरज वाटत नाही. मुलांच्या नखांत तीच लाल माती अडकते.

गोठ्यात मेंढ्या येतात, मरिया आणि योसेफ येतात. गव्हाण मात्र बऱ्याच घरांत चोवीस डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामीच ठेवतात. मिस्सा आटोपून माणसं घरी येतात, आणि मग घरातलं सगळ्यात लहान मूल बाळ येशूला दोन्ही हातांनी पेंढ्यावर निजवतं.