शुद्ध पाणी आणि स्वच्छ पाणी

'शुद्ध' आणि 'स्वच्छ' हे शब्द मराठीत आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. सार्वजनिक पाण्याचा इतिहास पाहू लागलो, की या दोन शब्दांमधील अंतर ध्यानात येते. सार्वजनिक तरणतलाव किंवा हॉटेलातील तलाव यांच्या पाण्याविषयी शंका घेताना आपण नेमके काय विचारत असतो, हे तपासायचे तर त्या इतिहासाकडे वळावे लागते.

१८८४ साली कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात रॉबर्ट कॉख यांना कॉलऱ्याचे जंतू आढळले. लोक त्याच तळ्यात अंघोळ करीत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. रोग पसरतो तो पाण्यात काय मिसळले यामुळे; माणसाच्या जातीशी त्याचा संबंध नाही, हे त्यातून उघड होत होते.

तरीही ४३ वर्षांनी महाडला काय घडले? बोले यांच्या १९२३ च्या ठरावानंतर महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तेथे पाणी प्यायले. मग सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले : शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेली १०८ मातीची भांडी मंत्रघोषात त्यात बुडविली. अन्य धर्मीयांना तेथे मज्जाव नव्हताच. पिण्याचे पाणी अस्वच्छ करून ते शुद्ध झाल्याचे मानण्यात आले. अस्पृश्यांचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडले.

मुंबईतील ब्रीच कँडीच्या तरणतलावात दीर्घकाळ फक्त युरोपीयांना प्रवेश होता. तेथे निकष वर्णाचा होता. प्रश्न मात्र तोच, 'पाण्यात कोण उतरले?'

स्वच्छतेचा प्रश्न वेगळा आहे. नाशिकच्या रामकुंडावरून वाहणारी गोदावरी पुढे आमच्या निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला येते. तिच्या पावित्र्याविषयी कोणाचे दुमत नसते. परंतु स्नानयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार १०० मिलिलीटरमध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतू २५०० हून अधिक असता कामा नयेत. पावित्र्याने ही संख्या कमी होत नाही.

तरणतलावाचा उग्र वास आपण स्वच्छतेची खूण समजतो. वस्तुतः क्लोरीनचा घाम आणि मूत्र यांच्याशी संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. तो वास मुख्यतः त्यांचा. जुलाबास कारण होणारा क्रिप्टोस्पोरिडियम तर क्लोरीनयुक्त पाण्यातही अनेक दिवस तग धरतो. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी अंघोळ करावी, जुलाब होत असताना उतरूच नये. हे नियम सर्वांना सारखेच लागू आहेत, आणि आम्हांला त्यांचे मोल येथेच वाटते.

हॉटेलात क्लोरीन आणि सामू यांच्या नोंदी मागणारा ग्राहक योग्य प्रश्न विचारतो. 'येथे कसली माणसे येतात?' असे विचारणाऱ्याने आपण स्वच्छतेविषयीच बोलत आहोत का, हे एकदा तपासून पाहावे. महाडची ती १०८ भांडी अशाच प्रश्नातून भरली गेली होती.