कुंपण आणि पायवाट

जोसेफ स्ट्रट हा लंडनमधला तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरणारा कारागीर. जुन्या हस्तलिखितांतली चित्रे उतरवता उतरवता त्याला इतिहासाचा नाद लागला आणि १८०१ साली, म्हणजे मरणापूर्वी अवघे एक वर्ष, त्याने इंग्लिश लोकांच्या खेळांवर आणि करमणुकींवर एक भलामोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणत्याही लोकांचा खरा स्वभाव पाहायचा असेल तर ते फावल्या वेळात काय करतात ते पाहावे, कारण लढाईत आणि राजकारणात माणूस सोंग घेतो, विरंगुळ्याच्या वेळी घेत नाही, असा त्याचा सारा रोख आहे.

कॉलेजात असताना मी हा ग्रंथ प्रथम चाळला तेव्हा हे म्हणणे मला बेहद्द आवडले होते. आमच्या घरी इंग्रजांविषयी दोन मते होती. आजोबांच्या मते इंग्रज लबाड, वडिलांच्या मते न्यायी. आणि गंमत अशी, की दोघेही पुरावा म्हणून क्रिकेटकडेच बोट दाखवीत! स्ट्रट वाचून वाटले, आता या भांडणाचा निकाल लागेल. तो लागला नाही. उलट इतक्या वर्षांच्या वाचनानंतर आणि थोड्याफार पायपिटीनंतर मला वाटू लागले आहे, की स्ट्रटच्या हातून एक गोष्ट निसटली. लोक कोणता खेळ खेळतात ते तर पाहावेच. पण ज्या गवतावर तो खेळ चालला आहे ते गवत कोणाचे आणि त्यावर पाय ठेवायची मुभा कोणाला, हेही विचारावे.

इंग्लंडात हा प्रश्न पुरातन आहे. १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने हुकूम काढला, की सणासुदीच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी तिरंदाजीचा सराव करावा, फुटबॉलसारखे निरुपयोगी खेळ सोडून द्यावेत. फ्रान्सशी वैर होते, राजाला तिरंदाज हवे होते. फुटबॉल काही सुटला नाही. १६१८ साली पहिल्या जेम्सने रविवारची प्रार्थना आटोपल्यावर रयतेला नाचायला, उड्या मारायला आणि मे महिन्याचा खांब उभारायला परवानगी दिली. कर्मठ प्युरिटनांना ती इतकी झोंबली, की १६४३ साली पार्लमेंटच्या हुकुमाने तो जाहीरनामा उघड्यावर जाळण्यात आला. उड्या मारण्यावरून एवढे रण माजले याचे आपल्याला हसू येईल. पण पुण्यातल्या गणपतीच्या मेळ्यांची भांडणे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहेत, त्यांनी जरा जपूनच हसावे.

खरा घाव मात्र राजाच्या हुकुमाने घातला नाही, तो मोजणीदाराच्या साखळीने घातला. आपल्याकडे गावोगाव गायरान असे, तशी तिकडे सामाईक जमीन असे. तिच्यावर मालकी जहागीरदाराची. पण गाय चारण्याचा, सरपण तोडण्याचा हक्क गावकऱ्यांचा. शेती सुधारायची, उत्पन्न वाढवायचे या नावाखाली या जमिनींना कुंपणे घालण्याचे कायदे पार्लमेंट करू लागले. १६०४ ते १९१४ या काळात असे पाच हजारांवर कायदे झाले आणि अडुसष्ट लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडचा जवळजवळ पाचवा हिस्सा, कुंपणाआड गेली. इंग्लंडच्या ज्या हिरव्या, रेखीव, झुडपांच्या कुंपणांनी आखलेल्या शेतांवर आपले प्रवासी लुब्ध होतात, ती शोभा बरीचशी या कायद्यांची आहे. शोभा खरीच आहे. पण तिच्या पोटी कोणाची तरी गाय विकली गेली, हे त्या चित्रात दिसत नाही.

गायरान गेले तसे खेळाचे माळही गेले. माणसे गिरण्यांच्या गावांत लोटली. तेथे १८५० च्या कायद्याने बायका-मुलांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबले, हळूहळू पुरुषांचेही. फुटबॉलचे सामने शनिवारी दुपारी तीनला सुरू होण्याची रीत पडली ती यातूनच. १८४१ च्या जुलैत टॉमस कुक नावाच्या सुतारकाम करणाऱ्या दारूबंदीच्या प्रचारकाने एक शिलिंगात सुमारे पाचशे माणसे लेस्टरहून लफबरोला आगगाडीने नेऊन आणली. दारूच्या गुत्त्यापासून माणसाला दूर ठेवण्याचा हा त्याचा उपाय. त्यातून पुढे जगभर पसरलेला यात्रा-कंपनीचा धंदा निघाला, ही गोष्ट निराळी. शहरातल्या माणसाला आगगाडी आता रानाच्या वेशीपर्यंत नेऊन सोडू लागली. पुढे काय? पुढे कुंपण!

त्याच आगगाडीने एके रात्री कुंपणाचा समाचार घेतला, ती हकीकत मला फार आवडते. लंडनच्या वायव्येस बर्कहॅम्स्टेड नावाचे गाव आहे. १८६६ च्या फेब्रुवारीत तिथल्या लॉर्ड ब्राउनलो या तरुण उमरावाने गावच्या माळातल्या ४३४ एकरांना पुरुषभर उंचीचे लोखंडी कठडे ठोकले. माळावर हक्क असलेल्यांपैकी एक होता ऑगस्टस स्मिथ. हा काही गरिबांचा कैवारी साधुपुरुष नव्हता. सिली बेटांचा तो स्वतःच पट्टेदार होता आणि तेथे राजासारखा हुकूम चालवी. पण हक्क म्हणजे हक्क! सामाईक जमिनीवर बेकायदा घातलेले कुंपण हक्कदाराला स्वतः काढून टाकता येते, असे जुना कायदा सांगत होता. तेव्हा ६ मार्चच्या रात्री लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून एक खास गाडी निघाली. गाडीत पहारी आणि छिन्न्या घेतलेले एकशेवीस मजूर. कंत्राट घेणारी मंडळी ऐन वेळी दारू पिऊन बेकाम झाली म्हणून मोहिमेचे पुढारपण वकिलाच्या कारकुनाकडे आले. ट्रिंग स्टेशनवर मध्यरात्रीनंतर उतरून ही पलटण अंधारातून तीन मैल चालली, आणि सकाळ होते तो दोन मैलांचे कठडे गवतावर आडवे झाले होते. उमरावाचा कारभारी घोडा दामटीत आला तेव्हा पाहण्यासारखे एवढेच उरले होते. गावचे लोक दिवसभर गाड्याघोड्यांतून, पायी, माळावर लोटले. माळ आपलाच आहे याची खूण म्हणून पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांच्या डहाळ्या त्यांनी मोडून घरी नेल्या. खटला चालला, मध्येच उमराव वारला, आणि १८७० साली निकाल स्मिथच्या बाजूने लागला.

मी काही वर्षांपूर्वी मुद्दाम त्या ट्रिंग स्टेशनवर उतरलो होतो. फाटकातून शेतात शिरताना मला आपल्याकडच्या सवयीने चोरट्यासारखे झाले. समोर पेरलेले शेत आणि त्यातून माणूसभर रुंद, मोकळी सोडलेली वाट. शेतकरी बांधावर उभा होता. तो ओरडेल म्हणून मी थबकलो. त्याने नुसता हात वर केला आणि पावसाविषयी काहीतरी बोलला. जमीन त्याची, वाट सर्वांची. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सार्वजनिक वाटा मिळून सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात. त्यांच्यावरून लोक कुठे जातात? बहुतेक कुठेच नाही. पंढरीची वारी पायाखाली घालणाऱ्या आपल्या माणसाला हे चमत्कारिक वाटते. चालायचे ते विठ्ठलासाठी. हे लोक चालून पुन्हा त्याच स्टेशनावर येतात! पण वाट वापरात राहिली तर हक्क राहतो हे त्यांच्या हाडीमासी भिनले आहे, आणि त्या निरर्थक वाटणाऱ्या चालण्यात मला त्यांचा हट्टी, चिवट, कोर्टकचेरीला न भिणारा स्वभाव जेवढा दिसला तेवढा क्रिकेटच्या मैदानावरही दिसला नाही.

क्रिकेटमध्ये दिसले ते कुंपणच. लॉर्ड्सवर १८०६ पासून १९६२ पर्यंत ‘सभ्य गृहस्थ’ विरुद्ध ‘खेळाडू’ असे सामने होत; पैसे न घेणारा गृहस्थ, घेणारा नुसता खेळाडू. दोघांची मैदानावर उतरायची दारेसुद्धा वेगळी. १९५० साली टिटमस नावाचा होतकरू गोलंदाज तिथे खेळायला उतरला, तेव्हा ध्वनिक्षेपकावरून गंभीरपणे खुलासा करण्यात आला, की छापील पत्रिकेत त्याची आद्याक्षरे आडनावाच्या आधी पडली आहेत, ती नंतर वाचावीत. आधीची जागा गृहस्थांची!

हाच इंग्रज मुंबईला आला तेव्हा कुंपण तेवढे बरोबर घेऊन आला, पायवाट मायदेशी ठेवून. किल्ल्याबाहेरच्या मैदानावर पारशी पोरे क्रिकेट खेळत. त्यांचा पहिला क्लब १८४८ सालचा. त्याच मैदानावर साहेबांचे पोलोचे घोडे धावत आणि खुरांनी खेळपट्टीची चाळण करीत. पारशांनी काय करावे? त्यांनी इंग्रजाचेच हत्यार उचलले. १८८१ साली शेकडो सह्यांचा अर्ज गव्हर्नरांकडे गेला. घोडे हलवले गेले, पुन्हा आले, पुन्हा अर्ज. या लढ्याची कहाणी शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली पुस्तक लिहून नोंदवली आहे. खेळाचा इतिहास म्हणून ते उघडावे तर आत जमिनीचा दावा चाललेला दिसतो. अर्जाला पुरते यश आले नाही. पण १८९० च्या जानेवारीत व्हर्ननचा इंग्लिश संघ मुंबईत आला, त्याला पारशांनी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर चार गडी राखून हरवले.

इथवर लिहून आपली पाठ थोपटून घेता आली असती. पण पळवणकर बाळू आडवे येतात. चांभाराच्या घरात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात साहेबांच्या क्लबात सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करी. बॅट त्याच्या हाती कोणी दिली नाही. हिंदूंनी त्याला आपल्या संघात घेतले, कारण साहेबांना हरवायचे होते. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत कपबशीने पीत आणि बाळूचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात येई. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले त्यात बाळू होते, त्यांचे भाऊ शिवरामही होते. १९११ च्या विलायतेच्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. हिंदूंचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. ते त्यांच्या विठ्ठल या धाकट्या भावाला मिळाले, १९२३ साली. हे कुंपण कोणत्याही उमरावाने घातलेले नव्हते आणि ते उपटायला यूस्टनहून गाडी येणार नव्हती.

तिकडे विलायतेतही सारे माळ मोकळे झाले नव्हते. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन धुरकट शहरांच्या मध्ये किंडर स्काउट नावाचे पठार आहे. गिरणीच्या खिडकीतून दिसावे, पण पाय ठेवू नये असे. कारण मालक तेथे वर्षातले काही दिवस ग्राउज पक्ष्यांची शिकार करीत, आणि उरलेले दिवस राखणदार दंडुके घेऊन उभे असत. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या बेकार मोटार-कारागिराच्या मागोमाग सुमारे चारशे तरुण ते पठार चढले. स्टेशनवर पोलीस वाट पाहत होते, म्हणून स्वारी सायकलवरून आलेली! राखणदारांशी झटापट झाली, सहा जणांना पकडले, पाच तुरुंगात गेले. ज्यूरीत जमीनदार आणि लष्करी अधिकारी यांचाच भरणा होता. रॉथमनला चार महिन्यांची सजा झाली.

१९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ साली तो पीक जिल्हा देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला, आणि २००० सालच्या कायद्याने डोंगर व माळरान यांवर हिंडण्याचा हक्क मिळाला. त्या चढाईला सत्तर वर्षे झाली तेव्हा, २००२ च्या एप्रिलमध्ये, डेव्हनशरच्या ड्यूकने त्याच ठिकाणी जमलेल्या लोकांपुढे आपल्या आजोबांनी केलेल्या अन्यायाबद्दल जाहीर माफी मागितली. बेनी रॉथमन ती ऐकायला नव्हता. तीन महिन्यांपूर्वी, जानेवारीत, नव्वदाव्या वर्षी तो वारला होता.