४,२९,४९,६७,२९७

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दोनच्या ३२व्या घातात एक मिळवून येणारी दहा अंकी संयुक्त संख्या. तिचे मूळ अवयव दोनच : ६४१ आणि ६७,००,४१७. मोजणी शून्यापासून धरल्यास ही पाचवी फर्मा संख्या होय.

दोनचा घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत न्यावा आणि प्रत्येक घातात एक मिळवावा. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ मिळतात. या पाचही मूळ संख्या आहेत. पुढेही असेच चालेल, असे फ्रेंच गणिती प्येर द फर्मा यांनी १६४०च्या सुमारास पत्रांतून मांडले. सिद्धता मात्र त्यांच्यापाशी नव्हती. १७२९मध्ये गोल्डबाख यांनी हा प्रश्न पत्राने ऑयलर यांच्यापुढे ठेवला आणि १७३२मध्ये ऑयलर यांनी दाखवले, की लगेच पुढच्याच संख्येला ६४१ने निःशेष भाग जातो.

हा विभाजक फार दडलेला नव्हता. प्रस्तुत संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४च्या पटीत एक मिळवूनच येतो, हे ऑयलर यांनी नंतर सिद्ध केले. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ तपासून झाले, की पाचवा भागाकार ६४१चा. १८७८मध्ये ल्युका यांनी ६४च्या जागी १२८ आणले. आता २५७ आणि ६४१ एवढेच उरतात. पैकी २५७ ही स्वतःच फर्मा संख्या, आणि कोणत्याही दोन फर्मा संख्यांना सामाईक अवयव नसतो. उरला एकच भागाकार!

तोही टाळता येतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, तसेच ६२५ + १६. पहिल्या रूपावरून, ५ × १२८ला ६४१ने भागल्यास बाकी −१. चौथा घात घेतला, की ६२५ गुणिले दोनचा २८वा घात याची बाकी १. दुसऱ्या रूपावरून ६२५च्या जागी −१६ ठेवावे. दोनच्या ३२व्या घाताची बाकी −१ येते. त्यात एक मिळवला, की शून्य.

संयुक्तपणाची आणखी एक खूण वर्गांत आहे. ही संख्या ६५,५३६चा वर्ग अधिक १चा वर्ग आहे, तशीच ६२,२६४चा वर्ग अधिक २०,४४९चा वर्गही. मूळ संख्येची अशी दोन रूपे संभवत नाहीत. उलट फर्मा यांच्या नावाची मूळतेची कसोटी, दोन हा पाया घेतल्यास, हिला बिनदिक्कत मूळ ठरवते. तीन हा पाया घेतला तर मात्र बिंग फुटते. बत्तीस वेळा वर्ग करून बाकी काढण्याचे ते काम किचकट, पण हाताने होण्याजोगे आहे.

पहिल्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार हिच्याहून नेमका दोनने कमी, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५, येतो. कंपास आणि पट्टीने काढता येणाऱ्या विषमसंख्य बाजूंच्या सुसम बहुभुजांपैकी ज्ञात असलेला सर्वांत मोठा तेवढ्याच बाजूंचा; ही रचना गाउस यांच्या सिद्धान्तातून निघते. संगणकाच्या ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्याही तीच. प्रस्तुत संख्येला ३३वा बिट लागतो.

पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सर्व फर्मा संख्या संयुक्त ठरल्या आहेत; सहावीचे अवयव १८८०मध्ये लांद्री यांनी काढले. ६५,५३७नंतर एकही मूळ फर्मा संख्या अद्याप सापडलेली नाही.