माळवद, खण आणि पांढरी माती

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील जुने ग्रामीण घर बहुधा माळवदाचे असे. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर आडव्या कड्या वा फळ्या टाकून, त्यांवर काटक्या-पाला अंथरून आणि वरून माती चोपून केलेले सपाट छप्पर. अशा घराचा आकार खणांत सांगितला जाई. दोन तुळयांमधील जागेला खण म्हणत. छपराचा भार प्रामुख्याने खांब आणि तुळया वाहत, तर दगड-मातीची जाड भिंत मुख्यतः आडोशाचे काम करी. त्यामुळे एखादी भिंत ढासळली तरी छप्पर बहुधा उभे राही आणि घर मोडावे लागले तरी खाचांमध्ये बसवलेली लाकडे फारशी न बिघडता सुटी होत.

या दोन जिल्ह्यांत जंगल फारच थोडे असल्याने इमारती लाकूड दुर्मीळ आणि महाग होते, आणि एकदा घरात आलेला सागवानी खांब सहसा घराण्याबाहेर जात नसे. भावांच्या वाटणीत घराचेही खण वाटले जात आणि वेगळे घर बांधणारा भाऊ आपल्या वाट्याचे लाकूड, चौकटी, तळखडे (खांबाखालचे घडीव दगड) व भिंतीचे दगड नव्या जागी नेऊ शके. कसबाचे काम गावचा सुतार बलुत्यावर, म्हणजे वार्षिक धान्याच्या मोबदल्यात करी, तर लाकडे उतरवणे, दगड वाहणे, चिखल तुडवणे ही कामे घरची माणसे आणि भावकी मिळून उरकत. मोडलेल्या तुळईची कडी, कडीचा दाराचा उंबरठा आणि अगदीच निकामी झालेल्या तुकड्याचे सरपण, अशी लाकडाची उतरंड ठरलेली असे.

मातीचाही असाच पुनर्वापर होई. गावाच्या जमिनीचे काळी, म्हणजे पिकाऊ, आणि पांढरी, म्हणजे वस्तीची, असे जुने विभाग आहेत. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंती व राख-केरकचरा साचून तयार झालेल्या पांढरीची माती छपरासाठी उत्तम मानली जाई. साहजिकच, जुन्या वस्तीचा अवशेष नव्या घराच्या डोक्यावर चढे. ग्रीक प्रवासग्रंथ ‘पेरिप्लस’मध्ये तगर या नावाने येणाऱ्या, याच भागातील तेर येथे पांढरीत किती प्राचीन ठेवा दडलेला होता, हे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या पुरावस्तूंच्या संग्रहालयावरून कळते.

मात्र या रीतीत एक दोष होता. लाकूड पारखून, तासून पुन्हा वापरले जाई. माती मात्र गळती थांबवण्यासाठी पावसाळ्यापूर्वी जुन्या थरावर नुसती घातली जाई, आधीची सहसा काढली जात नसे. छप्पर अशा रीतीने पिढ्यांगणिक जड होत गेले आणि काही घरांवर मातीचा थर दोन फुटांपर्यंत पोचला. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे 8 हजार माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत आरपार जाणाऱ्या बांधदगडांविना रचलेल्या भिंती आणि हे ओझे यांचा मोठा वाटा होता. अनेक ठिकाणी भिंती पूर्ण कोसळूनही लाकडी सांगाडा उभा राहिलेला आढळला, ही गोष्ट पुढच्या काळात जुन्या घराला सरसकट दोषी ठरवताना विसरली गेली.

शासनाने 52 गावे नव्या जागी वसवली. उरलेल्या गावांतील घरांच्या मजबुतीसाठी तज्ज्ञांनी सुचवलेले उपाय पाहिले तर दोष नेमका कोठे होता हे स्पष्ट होते: छपरावरची जादा माती काढणे, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवणे आणि खांब-तुळईच्या कोनात तिरके आधार ठोकणे. जुने लाकूड टाकून देण्याची गरज त्यांतल्या कोणत्याही उपायाला नव्हती.