वेताळाची वही आणि ज्युलीचं नाव



वेताळ म्हटलं की आपल्याला शेंदूर फासलेला दगड आठवतो. भुतांचा राजा, पण गावाची राखण करणारा. आज आम्ही दुसऱ्या एका वेताळाची गोष्ट सांगणार आहोत. हाही राखणदारच, पण चित्रांच्या पुस्तकातला.

अमेरिकेतले लेखक ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ पासून वर्तमानपत्रात 'फँटम'ची चित्रमालिका सुरू केली. मुखवटा घालणारा हा वीर जंगलात, कवटीच्या गुहेत राहतो. बाप गेला की मुलगा तोच वेश चढवतो. म्हणून लोकांना वाटतं, चारशे वर्षं हा एकच माणूस आहे, त्याला मरण नाही. आजचा फँटम एकविसावा.

मार्च १९६४ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या बेनेट, कोलमन कंपनीने 'इंद्रजाल कॉमिक्स' काढलं. पहिले ३२ अंक याच वीराचे होते. मग आलटून पालटून जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन असे इतरही आले. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, बंगाली अशा भाषांतही अंक निघाले. मराठीत फँटमचा झाला 'महाबली वेताळ'. रात्री फिरणारा, पाहिल्यावर धडकी भरवणारा, पण रयतेला सांभाळणारा. असा तर आपल्याकडे आधीपासूनच होता! म्हणून हे नाव उपरं वाटलं नाही.

छापताना इथल्या वाचकांसाठी काही नावं बदलली गेली. मूळ गोष्टीत जंगलाचं नाव 'बेंगाली' आणि समुद्री चाच्यांचं 'सिंग' होतं. ते आपल्याच लोकांबद्दल आहे असं वाटलं असतं. म्हणून जंगल 'डेंकाली' झालं आणि चाचे 'सिंगा' झाले. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा 'बहादूर' आला. तो इथलाच, कुर्ता घालणारा, गावकऱ्यांना एकत्र करून डाकूंशी लढणारा. पुढे घरोघरी टीव्ही आला आणि १९९० मध्ये 'इंद्रजाल' बंद पडलं. तोवर ८०३ अंक निघाले होते, त्यांतले निम्म्याहून जास्त वेताळाचे.

ते अंक गेले कुठे? रद्दीत, नाहीतर चुलीत. आमच्या इनामगावात घोड नदीकाठी उत्खनन झालं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीची मातीची भांडी निघाली. माती टिकली. कागद मात्र कुणी जपला तरच टिकतो.

हे वेताळाला ठाऊक होतं. त्याच्या गुहेत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. प्रत्येकाने आपण काय केलं ते लिहून ठेवलेलं.

आता खरी गोष्ट. सतरावा वेताळ जायबंदी झाला, तेव्हा त्याच्या जुळ्या बहिणीने, ज्युलीने, तो वेश घातला आणि त्याचं काम केलं. तिची गोष्ट ली फॉक यांनीच सांगितली आहे. पण वेताळांचा आकडा मोजताना ज्युली त्यात येत नाही. भाऊ सतरावा, त्याच्या पुढचा अठरावा. ती मधल्यामध्ये राहून गेली.

आम्हाला हे वाचून आमचीच घरं आठवली. नवरा आजारी पडला की पेरणी, पाणी, दूध डेअरी सगळं बाई ओढते. तो बरा झाला की पुन्हा शेतकरी तोच, आणि सातबाऱ्यावर नावही त्याचंच. गटातही असंच होतं. अध्यक्ष बाळंतपणाला गेली की दुसरी कुणीतरी चार महिने बँकेच्या फेऱ्या मारते. वहीत तिचं नाव नसतं.

म्हणून आम्ही ठरवलंय, मासिक बैठकीच्या इतिवृत्तात काम ज्या बाईने केलं तिचं नाव लिहायचं. तात्पुरतं केलं असलं तरी. ज्युलीला आकडा मिळाला नाही, पण तिची गोष्ट कुणीतरी छापली म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

आणि हो, माळ्यावर जुने 'इंद्रजाल' सापडले तर रद्दीत घालू नका. पोरींना वाचायला द्या.